रोज तेच की, मग लिहायचं काय?

ज्या गृहस्थांनी हा प्रश्न विचारला आहे, त्यांनी स्वतःबद्दल थोडक्यात असं सांगितलं आहे. वय ३६, सोलापुरात औषधाच्या दुकानात नोकरी, राहायला जुळे सोलापूर. कॉलेजात असताना कविता करायचे, पुढे सुटलं. दिवाळीत नवी वही आणली, ३६५ प्रॉम्प्टची (लिहायला सुरुवात करून देणाऱ्या छोट्या विषयांची) एक यादी उतरवून घेतली आणि रोज एक लिहायचं ठरवलं. नऊ दिवस लिहिलं. दहाव्या दिवशी मागची पानं वाचली आणि सगळी फाडून टाकली. पुढे ते विचारतात : ‘घर, दुकान, घर. माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडतच नाही. अशा माणसाला या प्रॉम्प्टचा काही उपयोग होतो का, की ज्यांच्याकडे आधीच सांगण्यासारखं आहे त्यांच्यासाठीच हे सगळं असतं?’

मी रात्रशाळेत २२ वर्षं मराठी शिकवलं आणि आता गेली १४ वर्षं दर रविवारी सकाळी घरी लेखनाची बैठक घेते. तुमचा प्रश्न मला रात्रशाळेतल्या पहिल्याच महिन्यात ऐकायला मिळाला होता. दिवसभर पॉवरलूमवर उभा राहून आलेला एक मुलगा कोरी वही पुढ्यात घेऊन बसला होता. म्हणाला, “काय लिहायचं बाई? रोज तेच की.” तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला ‘माझा आवडता सण’ हा विषय दिला. त्याने पाठ्यपुस्तकातल्यासारख्या सात ओळी लिहिल्या आणि वही मिटली. त्या सात ओळींनी मला पुढे बरीच वर्षं विचार करायला लावलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची अडचण ‘सुचत नाही’ ही आहे असं मला वाटत नाही. नऊ दिवस लिहिलंत म्हणजे सुचत होतं. तुमच्या यादीतले जे तीन प्रॉम्प्ट तुम्ही नमुन्यादाखल दिलेत ते पाहा : ‘तुमच्या आयुष्यातला सर्वांत आनंदी दिवस’, ‘यश म्हणजे तुमच्यासाठी काय?’ आणि ‘पहिला बर्फ पडला त्या सकाळी’. पहिल्यात ‘सर्वांत’ हा शब्द आहे. पहिली ओळ लिहिण्याआधीच तुम्हाला छत्तीस वर्षं चाळून एक दिवस निवडायचा आहे, आणि तो खरंच सर्वांत आनंदी होता का याचा निवाडाही करायचा आहे. दहा मिनिटांतली आठ मिनिटं तिथेच संपतात. दुसरा प्रॉम्प्ट मत मागतो. मत मागितलं की माणूस भाषणात ऐकलेलं बोलू लागतो, कारण ते तयार असतं. तिसऱ्याबद्दल तर काय सांगू! ज्या गावात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो, तिथल्या माणसाच्या अंगात बर्फाच्या सकाळची एकही आठवण नाही. हाताला गारवा नाही, नाकाला वास नाही. मग लिहिताना उरते फक्त टीव्हीत पाहिलेली सकाळ. ती पानं तुम्हाला दहाव्या दिवशी खोटी वाटली, यात नवल नाही. त्यावरून तुमच्याकडे काही नाही असं मात्र ठरत नाही. तुम्हाला दिलेलं दार भलत्याच घराचं होतं.

काही तरी ठरावीक देऊन त्यावरून लिहायला लावायचं, ही युक्ती आपल्याकडे नवी नाही. समस्यापूर्ती हा जुना खेळ हेच होता : राजा शेवटचा चरण द्यायचा, कवीने वरचे तीन रचायचे. एका आख्यायिकेत तर राजाने शब्दसुद्धा दिले नाहीत, नुसता ‘ठं ठठं ठं’ असा आवाज दिला. कवीने त्यातून अभिषेकाचं पाणी आणणाऱ्या तरुणीच्या हातून निसटलेला सोन्याचा घडा पाहिला, पायऱ्यांवरून घरंगळत जाणारा. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. दिलेल्या आवाजाला काहीच अर्थ नव्हता, त्यामुळे त्यावर मत मांडायची सोयच नव्हती. करायचं एकच उरलं, आवाज कशाचा ते शोधणं. लग्नात नाव घेतानाही तेच होतं. यमक जुळवायचंय, नाव आलंच पाहिजे आणि सगळे थांबलेत. एरवी चार शब्द न बोलणारी मुलगी त्या अडचणीत सापडते आणि समोरच्या ताटातला पदार्थ पकडून ओळ जुळवते. हाताशी असलेली वस्तू आणि थोडी अडचण, बास.

आमच्या बैठकीत प्रॉम्प्ट हा शब्द फारसा कोणी वापरत नाही. आम्ही ‘चिठ्ठी’ म्हणतो, कारण शेंगा चटणीच्या रिकाम्या डब्यात कागदाच्या घड्या टाकलेल्या असतात आणि प्रत्येकाने एक उचलायची असते. तुम्ही तर दिवसभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचता, म्हणून हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. माझी चिठ्ठीही तशीच असावी असं मला वाटतं : लहान, नेमकी, काय किती वेळा घ्यायचं ते सांगणारी.

सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत मी चिठ्ठ्या चुकीच्या काढत होते, हेही सांगते. ‘स्वातंत्र्य’, ‘एकटेपणा’, ‘आई’ असे मोठे शब्द लिहायचे. ‘आई’वर अकरा जणांनी लिहिलं आणि अकराही कागद अदलाबदल केले असते तरी चाललं असतं. सगळ्यांची आई वात्सल्याची मूर्ती होती. कोणीच खोटं बोलत नव्हतं, पण शाळेतला निबंध सगळ्यांच्या आधी धावत पुढे आला होता. पुढच्या रविवारी मी चिठ्ठी बदलली : ‘आईच्या हातात नेहमी असलेली एक वस्तू. ती कुठे ठेवायची?’ एका बाईंनी विड्या वळायचं सूप लिहिलं. तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली, कात्री मांडीखाली, आणि आईला उठायचं असलं की सूप कोणाच्या तरी हातात द्यावं लागायचं, जमिनीवर ठेवलं तर लहान भाऊ उधळायचा. म्हणून आई उठायचीच कमी. हे वाचताना त्या स्वतःच थांबल्या, कारण आई का उठत नसे हे त्यांना लिहीपर्यंत कळलं नव्हतं. ‘वात्सल्य’ हा शब्द त्या पानात कुठेच नव्हता.

तेव्हापासून मी चिठ्ठीत भावनेचं नाव घालत नाही. वस्तू, जागा, वेळ, आवाज, कोणाचं तरी अर्धं वाक्य, एवढंच. ‘नळाला पाणी यायच्या आधीची दहा मिनिटं’ ही आमच्या डब्यातली सगळ्यांत झिजलेली चिठ्ठी आहे. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे ती वाट पाहणं प्रत्येक घरात आहे आणि प्रत्येक घरात वेगळं आहे. कोणाकडे मोटर लावायला मुलगा उठतो, कोणाकडे म्हातारे वडील रात्री दोनपासून नळाशी खुर्ची टाकून बसतात आणि ते सुख कोणाला घेऊ देत नाहीत.

दुसरी चिठ्ठी ‘आता ऐकू येत नाही असा आवाज’. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली, पुढे आणखी झाल्या आणि पिढ्यान् पिढ्या हे गाव भोंग्यावर उठलं, जेवलं, झोपलं. आमच्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी लिहिलं की गिरणी बंद पडल्यावरही त्यांची आई पहिल्या पाळीच्या वेळेला उठून चहा ठेवायची. वडील अंथरुणातच असायचे. चहा दोन्ही बाजूंनी गार व्हायचा. ‘दोन्ही बाजूंनी’ म्हणजे काय, असं कोणी तरी विचारलं. ते म्हणाले, “आईपण प्यायची नाही.” मी त्यांना ते वाक्य बदलू दिलं नाही.

आता तुमचा ‘काही घडतच नाही’ हा मुद्दा. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक १९७४च्या ऑक्टोबरात तीन दिवस पॅरिसमधल्या एका चौकात कॅफेत बसून दिसेल ते टिपत राहिले. चौकातल्या नामांकित इमारतींचं वर्णन आधीच झालेलं होतं, ते त्यांना नको होतं. त्यांना हवं होतं ते कोणी नोंदवतच नाही असं : कोणत्या नंबरची बस गेली, कबुतरं कधी उडाली, हातात पिशवी घेतलेली माणसं कोणती. मी हा प्रयोग बैठकीतल्या मंडळींना घेऊन आपल्या एस.टी. स्टँडवर केला. प्रत्येकाने एक तास एका जागी बसायचं आणि मत न देता टिपायचं. पहिली वीस मिनिटं सगळ्यांची वही सारखीच होती : अक्कलकोटची गाडी, तुळजापूरची गाडी, पाण्याची बाटली विकणारा. अर्ध्या तासानंतर वह्या वेगळ्या होऊ लागल्या. एकीने फक्त चपला टिपल्या होत्या. एकाला कन्नड येत होतं, त्याने विजयपूरच्या गाडीत चढणाऱ्या नवरा-बायकोचं भांडण अर्धं ऐकलं, गाडी सुटल्याने उरलेलं राहून गेलं, आणि महिनाभर तो ते उरलेलं लिहीत होता. घडत तर रोज असतं. पहिल्या वीस मिनिटांच्या पुढे आपण बसत नाही.

म्हणून ३६५ चिठ्ठ्यांच्या यादीबद्दल माझं मत चांगलं नाही. रोज नवा प्रॉम्प्ट म्हणजे रोज पहिली वीस मिनिटं. माझा अनुभव उलट सांगतो : एकच चिठ्ठी तीन दिवस चालवा. पहिल्या दिवशी जे सगळ्यांना सुचतं तेच येतं, ते येऊ द्यावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चिठ्ठी घेताना कालचं लिहिता येत नाही, म्हणून बारकावे यायला लागतात, रंग, अंतर, कोण कुठे उभं होतं. तिसऱ्या दिवशी बहुतेकांना कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्याच्या पलीकडे आपण दोन दिवस टाळलेली गोष्ट बसलेली असते. सगळ्यांचं असं होतंच असं नाही. काहींचा झरा पहिल्याच दिवशी फुटतो आणि तिसऱ्या दिवशी कोरडा असतो. पण मी पाहिलेल्या माणसांत तिसऱ्या दिवशी काही तरी हाती लागणारे जास्त आहेत. तुम्ही नऊ दिवसांत नऊ वेगळे प्रॉम्प्ट केलेत. तेवढ्यातच तीन केले असते तर कदाचित पानं फाडावीशी वाटली नसती.

वेळ सात ते दहा मिनिटं. मोबाइलवर गजर लावा आणि तो वाजला की अर्ध्या वाक्यात थांबा. अर्धं वाक्य दुसऱ्या दिवशी बसायला सोपं करतं. या दहा मिनिटांत खोडायचं नाही, मागे जाऊन वाचायचं नाही. लिहिणारा आणि तपासणारा ही दोन माणसं आहेत, एकाच खुर्चीत दोघं बसली की लिहिणारा उठून जातो. तपासणाऱ्याला पंधरा दिवसांनी बोलवावं. दहाव्या दिवशी वाचायला बसलात ती घाई झाली, आणि तीही एका झटक्यात सगळं वाचून. पुढच्या वेळी फाडू नका. वाचताना एवढंच करा : ज्या वाक्याशी डोळा थांबला त्याखाली रेघ मारा. चांगलं का वाईट ते ठरवू नका. एका पानात एक रेघ आली तरी पान वाया गेलेलं नाही, कारण ती रेघ म्हणजे तुमची पुढची चिठ्ठी आहे.

भाषेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सोलापुरात ती फार महत्त्वाची आहे. रात्रशाळेतल्या माझ्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलायचे, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी दखनी. मराठी त्यांची शाळेची आणि रस्त्याची भाषा. एका मुलाने कारखान्यात कांड्या (सूत गुंडाळायच्या नळ्या) भरायला येणाऱ्या धाकट्या भावाबद्दल लिहिलं होतं. वाक्यं शुद्ध होती, पण थंड. मी विचारलं, “घरी त्याला काय म्हणतोस?” म्हणाला, “तम्मुडू.” म्हटलं, मग तेच लिही. त्या रात्री शाळा सुटल्यावरही तो लिहीत बसला होता. धाकटा भाऊ कोणाचाही असू शकतो, तम्मुडू त्याचा होता. तुमच्या घरात जो शब्द असेल तो वापरा. ‘बे’ असेल तर ‘बे’ लिहा. वहीला प्रमाणभाषेची सक्ती नाही, ती वेळ आली तर पुढे बघता येईल.

लेखक व्हायचं नसेल तर हे सगळं कशाला, असा प्रश्न तुमच्या ओळींमागे आहे असं मला वाटतं. बैठकीला येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं काहीही छापून आलेलं नाही. टॉवेलच्या कारखान्यात जॅकार्डसाठी, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागासाठी, नक्षीची कार्डं पंच करणारा एक जण आहे. ‘एकाच वस्तूच्या पाच सावल्या’ या चिठ्ठीसाठी तो सिद्धेश्वर तलावाच्या कठड्यावर सकाळ-दुपार-संध्याकाळ जाऊन बसला आणि काही आठवड्यांनी त्याने पाण्यातल्या दिव्यांच्या तुटक्या रेघांवरून एक किनार काढली. ती किनार चिठ्ठीमुळेच आली असं मी म्हणणार नाही, त्याचा हात मुळात चांगला आहे. पण तलाव त्याने आयुष्यभर पाहिला होता, आणि पाण्यातली रेघ अखंड नसते हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या एका बाईंना लिहायचा कंटाळा. त्या चिठ्ठ्या घरी नेतात आणि सासूबाईंबरोबर शेंगा फोडताना मोठ्याने वाचतात. ‘गड्ड्याच्या यात्रेतून (संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेतून) आणलेली पहिली वस्तू’ यावर सासूबाई तासभर बोलल्या. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक बघताना हरवल्या होत्या, सासऱ्यांनी शोधलं आणि रागवायच्या ऐवजी बांगड्या घेऊन दिल्या. बारा वर्षं एका घरात राहून सुनेला हे माहीत नव्हतं. त्यांनी यातली एक ओळही लिहिली नाही. मला ते पूर्ण मान्य आहे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत. घरात नुकतंच कोणी गेलं असेल किंवा मोठा धक्का बसला असेल, तर चिठ्ठी कितीही साधी असली तरी ती तिकडेच नेते. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८०च्या दशकात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहिलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या असं दिसलं. पण लिहून झाल्यावर लगेच त्यांचं मन जड झालं होतं, हे सांगायचं लोक विसरतात. म्हणून मी असल्या काळात माणसाला एकट्याने, रात्री उशिरा लिहू नका म्हणते. जड वाटू लागलं तर थांबा, कोणाशी तरी बोला, वही कुठे पळून जात नाही. आणि ते ओझं महिनोन् महिने उतरत नसेल तर डॉक्टरांकडे जा, चिठ्ठ्यांच्या डब्याचं ते काम नाही.

वेळ सकाळची की रात्रीची, वही की मोबाइल, यावर मला फारसं म्हणायचं नाही. तुम्ही दिवसभर उभे असता, तर रात्री जेवल्यावर डोळे मिटतील. दुकानात दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असेल तर तीच वेळ धरा.

आता तुमच्यासाठी चिठ्ठ्या. तुमचं दुकान मी पाहिलेलं नाही, पण औषधाच्या दुकानात मी गिऱ्हाईक म्हणून इतकी वर्षं उभी राहिले आहे की काही नक्की सांगू शकते. कोणी तरी रोज रिकामी पट्टी घेऊन येतं आणि “हीच द्या” म्हणतं. ती पट्टी कशात गुंडाळलेली होती? रुमालात, पाकिटात, पदराच्या गाठीत? ही पहिली चिठ्ठी, तीन दिवस. दुसरी : पट्टीतल्या किती गोळ्या तोडून मागितल्या, आणि मागताना माणूस कुठे बघत होता. तिसरी : शटर अर्धं ओढल्यावर वाकून आत डोकावणारा माणूस, त्याचं पहिलं वाक्य. तिसरीत एक अडचण घाला : ‘मी’ हा शब्द एकदाही वापरायचा नाही. तो काढला की तुम्हाला काय वाटलं ते लिहिता येत नाही आणि समोर काय होतं ते लिहावंच लागतं.

एक पथ्य पाळा. नाव, आजार आणि औषध ही तिन्ही एकत्र कधीही लिहू नका, स्वतःच्या वहीतसुद्धा. माणसं तुमच्यावर विश्वास ठेवून ती पट्टी पुढे करतात. आजार वगळा, गाव बदला, बाईचा पुरुष करा. गाठ सोडणारी बोटं तेवढी खरी राहू द्या.

नव्या वहीचा खर्च करू नका. चुकीची छापलेली बिलं तुमच्याकडे रोज निघत असतील, त्यांची मागची बाजू कोरी असते आणि एका बिलावर सात मिनिटांपेक्षा जास्त मावत नाही. गल्ल्याच्या बाजूला एखादा रिकामा औषधाचा खोका ठेवा आणि लिहिलेलं त्यात टाकत जा. पंधरा दिवस तो उघडू नका.